तकदीर नव्हे, नकाशा

९ डिसेंबर २०२४ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास कुर्ला पश्चिमेच्या एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची ३३२ क्रमांकाची बस चालकाच्या ताब्यातून सुटली. समोर आलेल्या रिक्षा, मोटारी आणि माणसांना धडका देत ती पुढे गेली. नऊ जण दगावले, चाळीसच्या आसपास जखमी झाले. त्यांत मुसलमान होते, हिंदू होते. कुणी कामावरून परतत होते, कुणी कामावर निघाले होते.

पुढचे काही दिवस चॅनेलांवर एकच चर्चा चालली. चालकाला इलेक्ट्रिक बस चालवण्याचे प्रशिक्षण किती मिळाले होते? कंत्राटी बसगाड्यांमुळे बेस्टची वाट लागली का? हे प्रश्न रास्तच होते. पण एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही: इतकी सगळी माणसे गाड्यांच्या वाटेत कशी होती? याचे उत्तर कुर्ल्यातले शाळकरी पोरही देईल. स्टेशनकडे जायला डांबराशिवाय दुसरी सलग वाटच नाही. तिथे चालणारा माणूस रस्त्यावर उतरत नाही, तो रस्त्यावरच असतो.

अशा मरणानंतर मोहल्ल्यात एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘मौत लिखी थी’. ज्याचे माणूस गेले त्याला या वाक्याचा आधार असतो आणि तो काढून घेण्याचा हक्क मला नाही. पण हेच वाक्य पुढारी बोलतो, अभियंता मनातल्या मनात म्हणतो, तेव्हा ते सांत्वन राहत नाही, सबब होते. रस्त्याची रुंदी, कोपऱ्याची गोलाई, सिग्नलचे सेकंद, दुभाजकातली फट या गोष्टी आभाळातून पडत नाहीत. त्या कुणीतरी कागदावर आखलेल्या असतात आणि त्याखाली कुणाची तरी सही असते. मी याला तकदीर म्हणायला तयार नाही. हा नकाशा आहे आणि नकाशा बदलता येतो.

मरतो कोण?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दिवसाला सरासरी नव्वद. सायकलवाले ४,८३६. सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा, ४४ टक्क्यांहून अधिक. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ मृत्यू झाले. मोटारीच्या काचेआड बसलेल्यापेक्षा उघड्यावर असलेला माणूस जास्त मरतो, एवढे समजायला मोठा अभ्यास लागत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. एमएमआरडीएने मुंबई महानगरातल्या वाहतुकीचा सर्वंकष अभ्यास करवून घेतला. तो २००८ मध्ये पूर्ण झाला. त्यात दिसले की लोकांच्या निम्म्याहून अधिक फेऱ्या संपूर्णपणे पायी होतात. लोकलने जाणाराही घरापासून स्टेशनापर्यंत बहुधा चालतच जातो. शाळेला जाणारी मुले, बाजारहाट करणाऱ्या बायका, मशिदीला जाणारे बुजुर्ग, कारखान्यातून सुटलेला कामगार, सगळे पायीच असतात. घरात एखादी दुचाकी असली तरी ती बहुतेक वेळा मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असते. अम्मीच्या वाट्याला पाय आणि शेअर रिक्षा येतात.

म्हणजे या शहराचा बहुसंख्याक पादचारी आहे. बहुसंख्याकांचे राज्य वगैरे भाषणे आपण रोज ऐकतो, पण रस्त्यावरच्या या बहुसंख्याकाला कुणी विचारत नाही.

पैसा कुठे गेला ते बघा. मुंबईचा किनारी रस्ता साडेदहा किलोमीटरचा, खर्च सुमारे चौदा हजार कोटी. त्यावर सायकलला बंदी, रिक्षाला बंदी, दुचाकीलाही बंदी. अटल सेतूवरही दुचाकी चालत नाही. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचे सर्वांत महागडे काम शहरातल्या सर्वांत लहान गटासाठी झाले. माझा आक्षेप मोटारीला नाही. आजारी माणसाला ती लागते, लांबच्या प्रवासाला लागते. प्रश्न एवढाच आहे की चौदा हजार कोटींच्या शहरात कुर्ल्याच्या बाईला रस्ता ओलांडायला एक पांढरा पट्टा का मिळत नाही? मिळालाच तर तो वर्षभरात पुसून का जातो?

सायकल कुणाची?

कुर्ला स्टेशनापासून वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे बीकेसी, हाकेच्या अंतरावर आहे. रोज हजारो माणसे कुर्ल्याला उतरून तिकडे जातात. कुणी बँकेत, कुणी हिरे बाजारात, कुणी झाडू मारायला, कुणी कँटीनमध्ये. शेअर रिक्षाच्या रांगेत त्यांची अर्धी सकाळ जाते.

या बीकेसीत २०११ च्या सुमारास एमएमआरडीएने सायकल मार्ग बांधले. दिसायला छान होते, पण संकुलाच्या आतल्या आत फिरत होते. ज्या कुर्ल्यातून, धारावीतून आणि कलिन्यातून सायकलवाला येणार, तिथपर्यंत ते पोहोचलेच नाहीत. सुरुवात नसलेला आणि शेवट नसलेला रस्ता कोण वापरणार? मग त्यांवर गाड्या उभ्या राहिल्या, माल उतरू लागला. शेवटी ‘कुणी वापरत नाही’ असे म्हणत २०२५ मध्ये ते सायकल मार्ग काढून मोटारींसाठी लेन वाढवण्याचा निर्णय झाला. आधी पूल अर्ध्या नदीपर्यंत बांधायचा, मग पलीकडे कुणी जात नाही म्हणून तो पाडायचा, असला हा हिशेब.

आणि कोण म्हणतो मुंबईत सायकल नाही? पहाटे चार वाजता बेकरीबाहेर उभे राहा. मागे पावाची भलीमोठी पेटी बांधलेला पोरगा एलबीएस मार्गाने अंधारात जाताना दिसेल. दूधवाला, डबेवाला, चाकूला धार लावणारा, रात्रपाळी संपवून येणारा वॉचमन, हे सगळे सायकलवर असतात. फक्त त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नसते आणि अंगात रंगीत जर्सी नसते, म्हणून सर्वेक्षणवाल्याला ते सायकलस्वार वाटत नाहीत. सायकलचा विषय निघाला की आपल्याकडचे लोकही म्हणतात, हे बड्या लोकांचे चोचले आहेत. बड्या लोकांची सायकल रविवारी सकाळी बाहेर पडते. पाववाल्याची रोज पडते आणि ट्रकची धडक बसते तीही पाववाल्यालाच.

चौक माणूस कसा मारतो

यात गूढ काहीच नाही. जगभर हे शास्त्र पक्के झालेले आहे.

पहिली गोष्ट वेग. ताशी ३० किलोमीटरने चाललेली गाडी साधारण तेरा मीटरमध्ये थांबते, ५० ला त्याच्या जवळपास दुप्पट अंतर लागते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात देशांनी एक गोष्ट मान्य केली: जिथे पादचारी, सायकली आणि गाड्या एकत्र मिसळतात तिथे वेग ताशी ३० च्या वर नको. आपल्या मोहल्ल्यात दुसरे काय असते? सगळे मिसळलेलेच तर असते.

दुसरी गोष्ट कोपऱ्याची गोलाई. चौकातला कोपरा जितका मोठा गोलाकार कापलेला, तितकी गाडी वेग कमी न करता वळते. त्यावर ‘फ्री लेफ्ट’ दिला की डावीकडे वळणाऱ्याला थांबायचे कारणच उरत नाही. नेमक्या त्या वळणावर मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईने कधी पाऊल टाकायचे? कोपरा काटकोनाकडे आणला, फूटपाथ थोडा पुढे वाढवला, की गाडीला वळताना ब्रेक दाबावाच लागतो. पोलीस नको, दंड नको, बोर्ड नको. दगड आपले काम करतो.

तिसरी गोष्ट ओलांडण्याचे अंतर. रस्ता तीस मीटर रुंद आहे असे धरा. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, म्हणजे त्याला पंचवीस सेकंद लागतात. गुडघेदुखीच्या आजीला सेकंदाला ०.८ मीटर जमते, तिला सदतीस सेकंद लागतात. पादचारी सिग्नल वीस सेकंदांचा असेल तर या बाईने उरलेला रस्ता कुणाच्या भरवशावर पार करायचा? मधल्या दुभाजकावर उभे राहण्यापुरते बेट केले तर तेच अंतर दोन टप्प्यांत होते. तिला एका वेळी एकाच दिशेच्या गाड्या बघाव्या लागतात.

चौथी गोष्ट उंची. झेब्रा क्रॉसिंग रस्त्याच्या पातळीवरून फूटपाथच्या पातळीवर उचलले की ते आपोआप गतिरोधक होते. व्हीलचेअर, बाळगाडी आणि जनाजाही त्यावरून सरळ जातो. उलट पादचारी पूल बांधला की चाळीस पायऱ्या चढायची सजा चालणाऱ्याला मिळते आणि गाडीवाला खालून सुसाट निघतो. एमएमआरडीएने २००८ पासून मुंबईभर तीसहून अधिक स्कायवॉक बांधले. पहिला वांद्रे पूर्वेचा. २०१९ मध्ये तो धोकादायक म्हणून बंद झाला आणि पुढे पाडला गेला. चालणाऱ्याला उचलून आभाळात ठेवण्याचा हा सगळा खटाटोप जमीन गाडीसाठी मोकळी करण्यासाठीच होता.

हे उपाय महागडे नाहीत. मालाडच्या मीठ चौकी जंक्शनवर आणि नागपाड्याच्या चौकात महापालिका, वाहतूक पोलीस आणि तज्ज्ञ संस्थांनी आधी नुसता रंग, कोन आणि बॅरिकेड वापरून चौकाची रचना बदलून पाहिली. काम करते की नाही ते रस्त्यावरच कळते, मग पक्के बांधकाम करता येते. म्हणजे मुंबई महापालिकेला हे येत नाही असे नाही. येते. प्रश्न कुठे करायचे आणि कुणासाठी करायचे याचा आहे.

जानेवारी २०२३ मध्ये महापालिकेने जवळपास चारशे किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सुमारे सहा हजार कोटींची कामे दिली. रस्ता मुळापासून खोदलेला असतो तेव्हा कोपरे आवळायला, बेट करायला, क्रॉसिंग उचलायला वेगळे काही लागत नाही. ही संधी होती. पण आपल्या भागात बहुतेक ठिकाणी जुनीच आखणी सिमेंटमध्ये पक्की झाली. खड्डे होते तेव्हा निदान गाडी हळू चालायची, आता गुळगुळीत रस्त्यावर ती तशीच पण दुप्पट वेगाने येते.

आता उड्डाणपूल

एलबीएस मार्गावर कुर्ल्याच्या कल्पना सिनेमापासून घाटकोपरच्या पंखे शाह दर्ग्यापर्यंत चार किलोमीटरहून लांब उड्डाणपुलाची योजना महापालिकेने पुढे आणली आहे. खर्च हजार कोटींच्या वर. कोंडी फुटेल म्हणतात. मोहल्ल्यात पुष्कळ लोक खूश आहेत, कारण कोंडी खरीच आहे आणि रुग्णवाहिकासुद्धा अडकते.

मला एकच विचारायचे आहे. पुलावरून कोण जाणार आणि पुलाखाली कोण राहणार? पुलाचे खांब रस्त्याच्या मध्यात येतील. खाली बस, रिक्षा, हातगाडी, सायकल आणि चालणारे लोक उरतील, तेही आधीपेक्षा कमी जागेत. जिथे पूल उतरतो तिथे वरून वेगात आलेली गाडी एकदम वस्तीत शिरते आणि नेमके तिथेच लोकांना रस्ता ओलांडायचा असतो. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता २०१४ मध्ये सुरू झाला. तो कुर्ल्यात उतरतो तिथे संध्याकाळी सात वाजता उभे राहून बघा. पुलाने कोंडी संपवली की पुढच्या चौकात नेऊन ठेवली, ते डोळ्यांनी दिसेल.

त्यातून रुंदीकरण आलेच. रुंदीकरणात दुकान जाते, घर जाते, दोन पिढ्यांचा ओटा जातो. बदल्यात मिळते काय? ओलांडायला आणखी दहा मीटर. आपले घर तोडून आपल्यालाच जास्त लांबचा धोका देणारी ही योजना आपण ‘विकास’ म्हणून मिठाई वाटून स्वीकारतो.

पूल होणारच असेल तर खालच्या रस्त्याचा आराखडा पुलाच्या आराखड्याबरोबरच लोकांपुढे यायला हवा. फूटपाथ किती मीटर, क्रॉसिंग कुठे, बसथांबा कुठे, सायकलला जागा कुठे? खांब उभे राहिल्यावर हे विचारण्यात अर्थ नाही.

‘यांनाच शिस्त नाही’

रस्त्याचा विषय काढला की दोन मिनिटांत कुणीतरी म्हणतोच, ‘त्या वस्तीत लोकांनाच शिस्त नाही.’ ‘त्या वस्तीत’ म्हणजे कुठल्या, हे सांगावे लागत नाही. एका बैठकीत मी एका चौकात क्रॉसिंग मागितले तेव्हा साहेबांनी हेच ऐकवले होते. लोक कुठूनही रस्ता पार करतात, मग क्रॉसिंग देऊन काय फायदा? मी विचारले, बसथांबा इथे, शाळेचे फाटक समोर आणि क्रॉसिंग दोनशे मीटर पुढे, तर तुमचा मुलगा कुठून ओलांडेल? साहेबांनी चहा मागवला.

माणूस पाण्यासारखा असतो, सर्वांत जवळच्या वाटेने जातो. शहाणा अभियंता ती वाट बघतो आणि तिथे क्रॉसिंग आखतो. आपल्याकडे मात्र त्या वाटेवर लोखंडी जाळी ठोकतात आणि जाळी वाकवणाऱ्याला बेशिस्त ठरवतात.

शुक्रवारी मशिदीत जागा पुरत नाही म्हणून काही ठिकाणी दहा-पंधरा मिनिटे सफ रस्त्यावर येते. त्यावर केवढा गदारोळ होतो! व्हिडिओ फिरतात, वाहतुकीच्या काळजीने छाती पिटणारे पुढारी निघतात. मला तो वाद इथे लढवायचा नाही. रस्ता सर्वांचा आहे आणि नमाजसाठी जागेची सोय व्हायला हवी, हे माझे मत आहे. पण ज्यांना त्या पंधरा मिनिटांनी इतके दुःख होते, त्यांना रात्रंदिवस त्याच रस्त्याची एक बाजू खाऊन उभ्या असलेल्या मोटारी का दिसत नाहीत? एक मोटार किमान दहा चौरस मीटर जागा अडवते आणि महिनोन्महिने एक पैसा देत नाही. एवढी जागा हातगाडीवाल्याने धरली तर गाडी जप्त होते. बर्वे मार्गाच्या अपघातानंतरही पहिली मोहीम निघाली ती फेरीवाल्यांवर. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांना जागा आखून द्यायची आहे, ते काम मात्र रखडलेलेच असते. फूटपाथ नीट आखला तर चालायची पट्टी वेगळी, झाडाची आणि विक्रेत्याची पट्टी वेगळी ठेवता येते. दोन गरिबांना एकमेकांविरुद्ध उभे करायची गरज नाही.

आता जरा घरातही बघू. दुकानाचे शटर जिथे संपते तिथून फूटपाथवर सामानाचे राज्य सुरू करणारे आपलेच लोक आहेत. मशिदीच्या दारात बुलेट आडवी लावून आत पहिल्या सफेत उभे राहणारेही आपलेच. शब-ए-बारातच्या रात्री एलबीएसवर दुचाकीचे स्टंट करणारी पोरे आपलीच. दरवर्षी उलेमा आणि पोलीस अपील करतात आणि दरवर्षी एखाद्या घरातून मय्यत निघते. लहानपणी मदरशात आपल्या सगळ्यांना शिकवलेले असते की वाटेतली इजा देणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानाचाच एक भाग आहे आणि वाटेवर बसणाऱ्याने वाटेचा हक्क अदा केला पाहिजे. काटा उचलायचे पुण्य आपल्याला पाठ आहे. फूटपाथवर ठेवलेले फ्रीजचे खोके मात्र आपल्याला काटा वाटत नाही.

आपल्या पुढाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. चौकाला नाव देण्यासाठी मोर्चे निघतात. कमान हवी, तीवर हिरवी अक्षरे हवीत, उद्घाटनाला आमदार हवेत. त्या कमानीखालून मुलांना रस्ता ओलांडता येतो का, हे कुणी विचारत नाही. मी कित्येक जलशांत मुस्लिम मोहल्ल्यांकडे दुर्लक्ष होते असे ऐकले आहे. ते खरेही आहे. पण ‘अमुक चौकात क्रॉसिंग उचलून द्या, नाहीतर मत मागायला येऊ नका’ असे म्हणणारा वक्ता मला अजून भेटायचा आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे

आपण भीक मागत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ हा पादचाऱ्याचा हक्क आहे आणि तो घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतो. त्याच प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पादचारी आणि बिनइंजिनाच्या वाहनांविषयी सहा महिन्यांत नियम करायला सांगितले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आले आहे. रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल मानकाप्रमाणे न केल्यामुळे कुणी मेले किंवा अपंग झाले तर प्राधिकरण आणि कंत्राटदार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जिवाच्या मानाने रक्कम हास्यास्पद आहे. पण आखणीसुद्धा दोषी असू शकते, हे संसदेने मान्य केले आहे. मी वर तकदीर आणि नकाशा म्हटले ते कायद्यातच लिहिलेले आहे.

मानकेही आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत, २०१२ च्या आवृत्तीत, चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी पट्टी आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असे दिले आहे. घराबाहेर पडून टेप लावा. अनेक ठिकाणी पट्टी १.८ मीटर सोडा, हातभरही सापडणार नाही. जिथे फूटपाथ आहे तिथे तो गुडघ्याएवढा उंच, म्हणून म्हातारे खालूनच चालतात.

आणि हे बदलता येत नाही, असे कुणी सांगितले तर मानू नका. आज सायकलींचा देश म्हणून ज्याचे नाव घेतात त्या नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर ३,३०० च्या आसपास माणसे मेली होती, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तिथेही तेव्हा शहरे मोटारींसाठीच फोडली जात होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. मुलांची हत्या थांबवा, हेच त्या चळवळीचे नाव होते. अपघात नव्हे, हत्या. सरकारांना रस्ते नव्याने आखावे लागले. आपल्याच देशात चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये धोरण केले की वाहतुकीच्या निधीतला किमान साठ टक्के वाटा चालणे आणि सायकल यांसाठी असेल. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. कागद आणि रस्ता यांत तिथेही अंतर आहे, पण निदान कागद तरी आहे आणि तो दाखवून जाब विचारता येतो.

मागायचे काय?

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात नगरसेवक नाही ही सबब होती. पण आपल्या मागण्या तरी कुठे तयार होत्या? मोघम ‘रस्ते सुधारा’ म्हणाल तर सिमेंट मिळेल. म्हणून नेमके मागा.

शाळा, मदरसा, रुग्णालय, बाजार आणि स्टेशन यांच्या आसपासच्या रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा आणि ती पाळायला लावणारे उचललेले क्रॉसिंग. प्रत्येक मोठ्या चौकात आवळलेले कोपरे, मध्यात थांबायला बेट आणि म्हाताऱ्या माणसाच्या चालीने ठरवलेला पादचारी सिग्नल. गर्दीच्या चौकात फ्री लेफ्ट बंद. स्टेशनापासून बसथांब्यापर्यंत सलग, सपाट, मोजून १.८ मीटरचा मोकळा फूटपाथ. कुर्ला ते बीकेसी आणि एलबीएस मार्गावर सायकलला तुटक नव्हे, सलग पट्टी. उड्डाणपुलाच्या कामाआधी खालच्या रस्त्याचा आराखडा जाहीर. आणि रस्त्यावर फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारींकडून भाडे.

हे मागायला मोर्चाच हवा असे नाही. जमातखान्यात एक बैठक पुरे. चार तरुणांनी मोबाइलवर फूटपाथ मोजावा, दोन मुलींनी शाळा सुटताना किती मुले कुठून रस्ता ओलांडतात ते मोजावे. माहिती अधिकारात त्या चौकाचा आराखडा आणि पाच वर्षांतल्या अपघातांची नोंद मागवावी. हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती शेजाऱ्यांना सोबत घ्यावे, कारण ट्रक नाव विचारून धडक देत नाही. बर्वे मार्गावर ते सगळ्यांनी पाहिले. ज्या प्रश्नावर शेजारी सहज एकत्र येऊ शकतात असे प्रश्न आता फार उरलेले नाहीत. हा त्यांतला एक आहे.

पुढच्या वेळी कुणी मत मागायला दारात आला तर त्याला आत बोलवू नका. त्याला घेऊन संध्याकाळी सात वाजता चौकात जा आणि म्हणा, साहेब, हा रस्ता माझ्या अम्मीचा हात धरून ओलांडून दाखवा. तो किती वेळ कडेला उभा राहतो ते बघा, मग मताचे ठरवा.